वीस बोंडं आणि एक चाकू

गेल्या हंगामात, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवेलागणीला भाचीचा फोन आला. ‘मामा, डाव्या तर्जनीला तीन टाके पडलेत. आईला आज सांगू नकोस, उद्या मीच सांगते.’ माझी भाची यवतमाळ जिल्ह्यात सहायक कृषी अधिकारी आहे, म्हणजे पूर्वीचं कृषी सहायक हे पद. डावखुरी आहे, त्यामुळे लिहायचंही तेच बोट. आदल्या आठवड्यात बसस्थानकाबाहेरच्या दुकानातून तिने एक घडीचा चाकू घेतला होता. कपाशीच्या शेतात हिरवी बोंडं फोडून पाहताना चौदाव्या बोंडाला तो चाकू तिच्याच बोटावर मिटला.

मी पिंपरीतल्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे-हत्यारं घडवायच्या विभागात, ३१ वर्षं काढली. आयटीआयला असल्यापासून माझ्या खिशात चाकू आहे. ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला ‘कुठला घेऊ?’ म्हणून विचारतं आणि मी एखादं नाव सांगून मोकळा होतो. या वेळी तसं करायचं नाही असं ठरवलं. मोडका-तोडका जसा असेल तसा तो चाकू मला पाठव म्हटलं आणि पुढचे चार महिने या एकाच निवडीच्या मागे लागलो. त्याची ही सगळी हकीकत.

चाकू मिटला का?

चाकू हातात आला तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो त्याचा दिमाख. काळं पातं, मुठीवर नक्षी, टोक सुईसारखं. पात्याला दोन बोटांत धरून वर-खाली हलवलं तर खिळ्यापाशी चांगलाच खेळ होता. मग पाठीवर अंगठ्याने हलकासा दाब दिला आणि पातं आत गेलं.

घडीच्या चाकूंचे मुळात दोनच प्रकार. एकात पातं उघडं ठेवतो तो फक्त मुठीच्या पाठीतल्या पट्टीच्या स्प्रिंगचा दाब. ती पट्टी पात्याच्या चौकोनी बुडावर चपखल बसते, म्हणून पातं ‘उभं’ राहतं. पण ते अडकलेलं नसतं, नुसतं दाबलेलं असतं. याला स्लिपजॉइंट म्हणतात. आपल्या आजोबांच्या खिशातला पान-सुपारीचा चाकू हाच आणि जगभर गाजलेला लाल मुठीचा स्विस चाकूही बहुतेक याच जातीचा. दुसऱ्या प्रकारात पात्याच्या बुडाशी काहीतरी आडवं येतं, पट्टी, खाच किंवा कडं, आणि ते बाजूला केल्याशिवाय पातं मिटत नाही. हे झालं कुलूप.

स्लिपजॉइंट वाईट नाही. धारेवर दाब असेल तोवर तो कधीच मिटत नाही, कारण तो दाब पात्याला आणखी उघडायला बघतो. पेरू कापा, सुतळी कापा, पेन्सिलीला टोक काढा, काही होत नाही. धोका असतो तो दाब पाठीवर आला की. भाची काय करत होती, हे मी तिला व्हिडिओवर दाखवायला लावलं. ती बोंडात टोक खुपसायची आणि ते आत रुतलं की चाकूला वरच्या अंगाला झटका देऊन बोंड उकलायची. त्या झटक्यात सगळा जोर पाठीवर यायचा. तेरा बोंडं स्प्रिंगने तग धरला. चौदावं बोंड जरा निबर निघालं.

बोंड फोडायची गरजच काय, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि ते शिरलेलं भोक भरून येतं. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, निरोगी दिसतं आणि आत सरकी पोखरली जात असते. म्हणून एकरी २० हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून, फोडून बघायची. त्यात दोन अळ्या सापडल्या तर १० टक्के झाले, म्हणजे नुकसानीची पातळी ओलांडली. सापळ्यांचा हिशोबही आहे, एका कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा) सलग तीन रात्री रोज आठ पतंग. पण शेतकऱ्याला पटतं ते फोडलेलं बोंड. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रातली कपाशी खाल्ली, तेव्हापासून फोडलेल्या बोंडाकडे लोक श्वास रोखून बघतात. अशा कामाला लागणारा चाकू म्हणजे हौसेची वस्तू नव्हे.

आठ दिवसांची वही

टाके निघाल्यावर मी तिला एकच काम दिलं. आठ दिवस घरातली भाजीची सुरी पुठ्ठ्याच्या म्यानात घालून वापर आणि जे जे कापशील ते वहीत लिही. काय कापलं, कशावर ठेवून कापलं, हात ओला होता की कोरडा.

वही आली. आठ दिवसांत १७१ काप. त्यातले १४० बोंडांचे, सात प्लॉटचे वीस-वीस. बाकीच्यात सापळ्याची सुतळी, ल्यूरची (सापळ्यातल्या गंधाच्या आमिषाची) पाकिटं, कीटकनाशकाची पुडी, खताच्या गोणीची शिवण, तुरीच्या शेंगा, दोन संत्री, एक पेरू आणि एकदा शाळेतल्या मुलाची पेन्सिल. जुलै-ऑगस्टमधली कामं तिने आठवून शेवटच्या पानावर लिहिली होती. सोयाबीनचं खोड उभं चिरून खोडमाशीची अळी बघणं आणि मुळांवरच्या गाठी कापून त्या आतून गुलाबी आहेत का ते तपासणं. गुलाबी असली की गाठ काम करतेय, नत्र धरतेय.

ही वही वाचून माझेच दोन समज गळाले. मला वाटत होतं की शेतातलं काम म्हणजे जाड, दणकट पातं हवं. प्रत्यक्षात १७१ पैकी एकाही कापाला तीन इंचांपेक्षा लांब किंवा दोन मिलिमीटरपेक्षा जाड पातं लागलं नव्हतं. उलट जाड पातं बोंडात पाचरीसारखं शिरतं, बोंड फाटतं आणि आतली अळी चिरडते. मग मोजायचं काय? पातळ पातंच हवं. (कपाशीच्या कळीलाही शेतकरी ‘पाती’ म्हणतात, त्यामुळे वहीत ‘पाती बघितल्या’ आणि ‘पातं पुसलं’ एकाच ओळीत येत होतं आणि दोन पानं मला परत परत वाचावी लागली.)

दुसरी गोष्ट तिने न सांगता कळली. वहीच्या समासात लिहिलं होतं, ‘खिसा नाही.’ आपण ‘खिशातला चाकू’ म्हणतो, चाकूला पँटच्या खिशाला अडकवायची क्लिप हवी म्हणतो, आणि ही मुलगी कुर्ता-सलवार घालून, खांद्याला पिशवी लावून स्कूटीवरून दिवसाला चार गावं करते. तिच्या चाकूला क्लिपचा काडीचा उपयोग नाही. तिला हवं होतं दोरी ओवायचं भोक, म्हणजे पिशवीच्या तळाशी हात घालून चाचपडावं लागणार नाही. शिवाय चाकू पिशवीत हिंदकळताना आपणहून उघडता कामा नये. खिशातला चाकू अंगाला धरून असतो, पिशवीतला नाही. मिटलेल्या स्थितीतही तो घट्ट राहायला हवा, ही अट माझ्या कुठल्याही यादीत आजवर नव्हती.

भाजीची सुरी तशीच पुढे का वापरली नाही? खरं तर ज्याला सांधाच नाही ते पातं सगळ्यात सुरक्षित आणि मी तेच सुचवणार होतो. पण सहाव्या दिवशी पुठ्ठा दवाने भिजला, टोक बाहेर आलं आणि निरीक्षणाच्या नोंदवहीला भोक पडलं. चामड्याचं म्यान करून देता आलं असतं. पण म्यानातली सुरी घेऊन तहसीलच्या आवारात शिरणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतील, तेही बघायला हवं होतं.

बहिणीचं म्हणणं आणि कायद्याचं म्हणणं

बहिणीला कळलं तेव्हा तिचा पहिला फोन मला. ‘दादा, पोरगी एकटी शेताशेतात फिरते. घ्यायचाच तर चांगला मोठा घे, खटक्याचा. चार लोक बिचकून राहतील.’

तिची काळजी मला पूर्ण समजते. पण मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. धाक घालायला घेतलेला चाकू कामाला वाईट असतो आणि धाकालाही खरा नसतो. ज्याला तो चालवायची सवय नाही त्याच्या हातातून तो काढून घेतला जातो, आणि काढून घेतल्यावर तो कुणाच्या हातात असतो हे सांगायला नको. पोरीच्या सुरक्षेसाठी आम्ही दुसऱ्या गोष्टी केल्या. रोजचा मार्ग सकाळी घरी कळवायचा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवायचं आणि आडबाजूच्या प्लॉटवर गावातल्या कुणाला तरी सोबत घ्यायचं. चाकूचं काम कापणं एवढंच ठेवलं.

कायद्यातलं थोडं सगळ्यांनीच समजून घेण्यासारखं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तीन इंचांचा घडीचा चाकू या मापांच्या आसपासही नाही. बरेच जण इथे थांबतात आणि निर्धास्त होतात.

पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ वेगळं आहे. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या दिवसांत वर्तमानपत्रात ‘जिल्ह्यात कलम ३७ (१) व (३) लागू’ अशी बातमी येते, ती हीच. हा मनाई आदेश असताना बरोबर बाळगायला बंदी घालता येते अशा वस्तूंच्या यादीत तलवारी-भाल्यांच्या जोडीला चाकू आणि साधी काठीसुद्धा आहे. तिथे इंचांचा हिशोब नाही. ‘माझं पातं तीनच इंचांचं आहे’ हे उत्तर त्या दिवशी चालत नाही. भाचीला मी सांगितलं की आदेश असेल तेव्हा चाकू घरी राहील, आणि प्लॉटवर जायचंच असेल तर तो नोंदवही, सापळे आणि ओळखपत्राबरोबर कामाच्या पिशवीतच राहील. विमानात तो हातातल्या बॅगेत कधीच नाही.

यातून निवडीला आणखी एक अट आली. चाकू दिसायला साधा हवा. बटण दाबताच फटकन उघडणारा, काळ्या पात्याचा चाकू बघितला की आपल्याकडे लोकांना रामपुरी आठवतो आणि समोरच्या बाया दोन पावलं मागे सरतात. कृषी सहायकाला बाया जवळ यायला हव्या असतात. दोन्ही हातांनी, सावकाश उघडणारा, लाकडी मुठीचा चाकू कुणालाही घरातला वाटतो.

काय काय बघितलं

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे तुकडे मोडायचा कागदाचा कटर. गोणी, पाकिटं, सुतळी यांना त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. बोंडात मात्र त्याचं टोक तुटून राहतं आणि ते पोलादी कपचं उद्या कुणा वेचणारीच्या बोटात जाईल. बोंडासाठी तो बाद.

कलमाचा चाकू रोपवाटिकेतल्या लोकांनी सुचवला. पातं सरळ, धार अप्रतिम. पण त्याची धार एकाच बाजूने घासलेली असते आणि ती उजव्या हाताच्या हिशोबाने. डाव्या हाताने काप घेतला की पातं आत वळतं. तिने दोन बोंडं कापून परत दिला.

मग स्विस चाकू. कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला, तिथून आलेली ही परंपरा. ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या मापात दोन पाती, कॅन ओपनर, पेचकस मिळतो आणि वजन साठ ग्रॅमच्या आसपास. पोलाद कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ५६ च्या घरात, म्हणजे धार फार काळ टिकत नाही पण घरच्या दगडावर दोन मिनिटांत परत येते. माझ्या स्वतःच्या खिशात हाच असतो. शहरात राहून काम करणाऱ्या कुणालाही मी डोळे मिटून हाच घ्यायला सांगेन. पण तो स्लिपजॉइंट आहे. त्याच्या मोठ्या मापांत कुलूपवाले आहेत, ते तिच्या हाताला थोराड झाले.

ऑनलाइन भरमसाट दिसणारे लायनर लॉकवाले चाकू मी दोन मागवले. यात मुठीच्या आतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाखाली येते. रचना हुशार आहे, पण ती उजव्या हाताची. उजव्या हाताने धरलं की ती पट्टी अंगठ्याने सोडवायची असते. डाव्या हातात त्याच जागी चार बोटांची पेरं येतात. घट्ट मूठ आवळून जोर लावला की बोटंच पट्टी ढकलू शकतात. भाचीच्या हातात मी ते होताना डोळ्यांनी बघितलं. पट्टी पूर्ण सुटली नाही, पण अर्धी सरकली. शिवाय दहा दिवस शेतात फिरून आलेल्या एकाच्या फटीत सरकीची लव आणि काळी माती इतकी दाबून बसली होती की पट्टी पुरती आत येतच नव्हती. पातं उघडल्याचा आवाज यायचा, कुलूप मात्र काठावर लटकलेलं. कुलूप नसण्यापेक्षा कुलूप लागल्याचा खोटा भरवसा जास्त वाईट.

त्यातल्या एकाचं पातं डी२ पोलादाचं होतं. त्याचं फार कौतुक वाचायला मिळतं. मी आयुष्यभर डी२ चे प्रेस डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, केलेत. ते पोलाद झिजायला नाराज असतं हे खरं, पण त्याच कारणाने ते साध्या दगडावर धार घ्यायलाही नाराज असतं. यवतमाळच्या खेड्यात हिऱ्याची प्लेट कुठून आणायची? आणि त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असलं तरी बरंचसं कार्बाइडच्या कठीण कणांमध्ये अडकलेलं, त्यामुळे ते पुरतं स्टेनलेस नाही. बोंडाचा रस न पुसता रात्रभर ठेवलं तर डाग पडतात.

राहिला ओपिनेल. फ्रान्समधल्या साव्हॉय या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी केलेला चाकू. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, त्यात फट, एक खिळा आणि पातळ पातं. १९५५ मध्ये त्याला एक फिरतं कडं मिळालं, त्याचं नाव व्हिरोब्लॉक. पातं उघडलं की कडं फिरवायचं, त्याची फट बाजूला जाते आणि पातं मागे येऊ शकत नाही. २००० पासून ते कडं मिटलेल्या पात्यालाही अडवतं, म्हणजे पिशवीत तो उघडत नाही. डावा-उजवा असा भेद नाही. कडं लागलंय की नाही हे अंधारातही अंगठ्याला कळतं आणि दिवसा तर समोरच्या शेतकऱ्यालाही दिसतं. लव अडकली तर कडं फिरवून फुंकर मारली की झालं.

मापांना आकडे आहेत. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, सात नंबरचं आठ. भाचीचा तळवा लहान, म्हणून सात. पोलाद दोन प्रकारचं मिळतं, कार्बन आणि स्टेनलेस. कार्बनची धार मला मनापासून आवडते, पण केळफूल चिरल्यावर आजीच्या विळीचं काय व्हायचं ते आठवा. कपाशीच्या हिरव्या बोंडाचा रस तसाच काळा पाडतो, आणि ते काळं पातं बघून समोरच्याला वाटणार की मॅडमचा चाकू घाण आहे. स्टेनलेस घेतलं.

लाकूड, पाऊस आणि जवस

या चाकूचा एक दोष सगळ्यांना ठाऊक आहे. मूठ लाकडाची, त्यामुळे पावसाळ्यात ती फुगते आणि पातं फटीत आवळलं जातं. साव्हॉयचे लोक अशा वेळी मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकतात, पातं थोडं वर येतं. विदर्भातला जुलै काही साव्हॉयचा जुलै नव्हे. रोज ठोकत कोण बसणार?

जगभर यावर उपाय केला जातो तो जवसाच्या तेलाचा. हे तेल हवेत सुकून लाकडाच्या रंध्रांत घट्ट होतं आणि पाणी शिरू देत नाही. परदेशी लोक ते रंगाच्या दुकानातून डब्यात आणतात. विदर्भ तर जवसाचाच मुलूख! भाचीने गावातल्या तेलाच्या घाण्यावरून पावशेर तेल आणलं. मी सांगितलं तसं चाकू उघडा ठेवून मुठीचं खिळ्याकडचं टोक एका वाटीत उलटं बुडवलं, रात्रभर ठेवलं, कापडाने कोरडं पुसलं आणि मग सावलीत ठेवून दिला. घाण्याचं कच्चं तेल सुकायला वेळ घेतं, आमचे पुरते तीन आठवडे गेले. घाई केली असती तर मूठ चिकट राहिली असती. तेलाचं कापड मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून टाकायचं.

मुठीच्या मागच्या टोकाला मी तीन मिलिमीटरचं भोक पाडलं आणि केशरी दोरी ओवली. काळ्या मातीत पडला तर ती दिसते.

आबाजींचा काप

चाकू ठरला तरी माझ्या मनातली खुटखुट गेली नव्हती. कुलूप असलं तरी तोच झटका, तोच रुतलेल्या टोकावरचा जोर. पोलाद पातळ, उद्या टोकच मोडलं तर?

याचं उत्तर मला सुचलं नाही, ते शेतात मिळालं. नोव्हेंबरमध्ये एका प्लॉटवर सत्तरीचे एक आबाजी तिला बोंड फोडताना बघत होते. म्हणाले, ‘मॅडम, असं खुपसाचं नाही जी. संत्रं कसं सोलता तुमी?’ त्यांनी चाकू मागून घेतला. बोंडाला नीट बघितलं तर वरून खाली रेघा असतात, आतले कप्पे जिथे जुळतात तिथे. आबाजींनी एका रेघेवरून नुसती साल चिरली, बोंड फिरवून समोरच्या रेघेवर तसंच केलं, चाकू मिटून मांडीवर ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी बोंड उकललं. आत सरकीला बिलगून एक गुलाबी अळी होती, जिवंत, जराही न दुखावलेली. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला तिने पाडलेलं भोकसुद्धा शाबूत दिसत होतं.

भाचीने त्याच संध्याकाळी मला व्हिडिओ पाठवला. मी तो किती वेळा बघितला असेन! या कापात टोक खुपसायचंच नाही, पाठीवर दाब यायचाच नाही. खरं तर असा काप घेतला असता तर बसस्थानकाबाहेरचा तो चाकूही मिटला नसता. एका चाकूसाठी मी महिनाभर पोलाद आणि कुलपं तपासत होतो आणि निम्मा प्रश्न हाताच्या वळणाचा होता. तरी कुलूप हवंच, कारण दमलेला हात शेवटच्या प्लॉटवर जुन्या सवयीला जातो. पण आधी काप शिकायचा आणि मग चाकू, हा क्रम आता मी कुणालाही सांगतो.

दोन पाती

एक गोष्ट मी आग्रहाने वेगळी ठेवायला लावली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते वर्ष त्या भागात कुणी विसरलेलं नाही. भाचीच्या वहीत मात्र कीटकनाशकाची पुडी, बोंड आणि संत्रं एकाच सुरीने कापल्याच्या नोंदी होत्या. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. आता पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात कागदाचा कटर असतो, त्याला लाल टेप गुंडाळलेला आहे. औषधाची पाकिटं, ल्यूर, गोण्या फक्त त्याने. घडीचा चाकू बोंडं, खोडं आणि शेंगांसाठी. बोंडंही फवारलेली असू शकतात, त्यामुळे फळ कापायचं असेल तर आधी पातं साबणाने धुवायचं, आणि साबण नसेल तर संत्रं हाताने सोलून खायचं, तेही हात धुऊन.

फेब्रुवारीत ती घरी आली तेव्हा चाकू माझ्याकडे तपासायला दिला. मूठ आता मधासारखी गडद झालीय, कडं दोन बोटांनी सहज फिरतं, खेळ अजिबात नाही. टोक मात्र दोन मिलिमीटरने तुटलं होतं. विचारलं तर म्हणाली, सापळ्याची खुंटी उपटताना तारेखाली घातलं होतं. पातळ पात्याची ही किंमत आहे आणि ती मी तिला आधी सांगायला हवी होती. नव्या पिशवीत एक छोटा पेचकस टाकून दिला. टोक दगडावर पाठीकडून घासून परत काढलं, धारेला हात न लावता. मग धारेसाठी हजार नंबरचा दगड, पाणी, दोन्ही बाजूंना सारखे पंचवीस-पंचवीस हात, शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटे ओढले. खिळ्यापाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल घालत नाही, ते कालांतराने चिकट होऊन माती धरतं.

तर्जनीवरची खूण आता पांढरी रेघ झालीय. पेन धरताना अजून थोडं ओढतं, म्हणते.

परवा तिच्या शेजारच्या सज्जातल्या, म्हणजे कामाला नेमून दिलेल्या गावांच्या गटातल्या, सहकाऱ्याचा मला फोन आला. ‘काका, मॅडमकडे आहे तोच चाकू मलाही सांगा ना, लिंक पाठवा.’ तो उजव्या हाताचा, पँटला चार खिसे, आणि त्याच्या भागात कपाशीपेक्षा संत्र्याच्या बागा जास्त. मी त्याला लिंक पाठवली नाही. एक वही घे म्हटलं आणि सोमवारपासून आठ दिवस जे जे कापशील ते लिहून पाठव.